डोळे मिटल्यावर बोलणाऱ्या आत्याबाई

घरी नवे पाहुणे आले की आई चहा टाकायच्या आधी त्यांना हळूच सांगून ठेवायची, "वन्सं बसल्यात तिकडं. त्यांना प्रार्थना करा म्हणू नका, बरं का." पाहुणे बुचकळ्यात पडायचे. ख्रिस्ती घर, भिंतीवर वचनांचं कॅलेंडर, कपाटावर बायबल, आणि घरातल्या सगळ्यात मोठ्या बाईला प्रार्थना करायला सांगायची नाही म्हणजे काय? काहीजण ते हसण्यावारी नेत आणि मुद्दाम आग्रह करत. मग चहावर साय धरायची, भजी गार व्हायची आणि पाहुण्यांना आपण काय करून बसलो ते कळायचं.

वन्सं म्हणजे वडिलांची थोरली बहीण, आमच्या आत्याबाई. त्यांनी लग्न केलं नाही. पालीच्या शाळेत पहिली-दुसरीच्या पोरांना शिकवण्यात सगळी नोकरी गेली आणि निवृत्त झाल्यावर त्या एक लोखंडी पेटी घेऊन बीडला आमच्याकडे राहायला आल्या. उंच, हडकुळ्या, पांढरं सुती पातळ, आणि चेहरा असा की वर्गात कुणी खडू चोरला ते यांना ठाऊक आहे, फक्त अजून नाव घेतलेलं नाही.

डोळे उघडे असताना आत्याबाई जवळजवळ बोलत नसत. "हूं", "बरं", "ठेव तिथं" एवढ्यावर त्यांचा दिवस निघायचा. भाजीवालीशीसुद्धा त्या बोट दाखवून व्यवहार करत. पण एकदा का पदर डोक्यावर आला आणि डोळे मिटले, की दिवसभर साठवलेलं सगळं देवापुढे बाहेर पडायचं. सुरुवात पुस्तकी व्हायची. "हे स्वर्गीय पित्या, तुझ्या कृपासनापुढे आम्ही दीनपणे येतो." ही भाषा फार टिकायची नाही. दोन-चार वाक्यांत कृपासन मागे पडायचं आणि आत्याबाई आपल्या बोलीवर यायच्या. त्या बोलीवर आल्या की घरातले सगळे सावध व्हायचे, कारण आता खरं काहीतरी येणार असायचं.

"प्रभू, माज्या भावजयीचा हात मिठाला जरा सैल झालाय. तिला कुणी बोलत न्हाई, पण सगळे पानी लई पितेत. तू बघ." आई डोळे मिटून दातओठ खायची. प्रार्थनेत मध्येच बोलायचं नसतं हा आमच्याकडचा नियम. माणूस देवाशी बोलत असताना तोंड घालणार कोण? हा नियम लहानपणी आम्हाला आत्याबाईंनीच शिकवला होता, आणि त्याचा सगळ्यात मोठा फायदाही त्याच घेत होत्या. वडिलांनी यावर एक उपाय शोधला होता. प्रार्थना फार लांबली की ते मोठ्यानं "आमेन" म्हणायचे, म्हणजे समोरच्यानं आवरतं घ्यावं. इतरांच्या बाबतीत हा उपाय लागू पडायचा.

त्यांची आणखी एक खोड होती. ज्याच्यासाठी प्रार्थना करायची त्याचा पत्ता त्या देवाला सांगायच्या. लिंबागणेशला आमची एक चुलतबहीण बाळंतपणासाठी गेली होती. तर म्हणे, "प्रभू, लिंबागणेशला गणपतीच्या देवळापर्यंत जाऊ नको. अलीकडंच पिठाची गिरणी लागती, तिच्या मागं पत्र्याचं घर हाय. दारात शेवगा हाय. कुत्रं हाय, पण बांधलेलं असतंय." मी एकदा न राहवून विचारलं, "आत्याबाई, देवाला पत्ता कशाला लागतो?" त्या म्हणाल्या, "ठावं असंल त्याला. पण सांगितलेलं बरं."

कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला मात्र हे पत्ते सांगणं फार पटलं होतं. घराणं शंकराचं, कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग. पण मुलगी आजारी पडली तेव्हा तो स्वतः आमच्या दारात आला. "बाई, आमच्या म्हादेवाला मी सांगितलंच हाय, तुमच्याकडं बी एक सांगून ठिवा. दुकानाच्या वरचा मजला, जिना भाईरून." आत्याबाईंनी जिन्यासकट सगळं सांगितलं. मुलगी बरी झाली. श्रेय नेमकं कुणाकडे गेलं याची चौकशी दोन्ही घरांनी कधी केली नाही. तेव्हापासून आमच्या गुळाच्या पुडीत चार खडे जास्त येत.

एसटीत बसल्या की त्या गाडीसाठी प्रार्थना करायच्या आणि तीही आवाज न उतरवता. चालकाचे डोळे, ब्रेक, चाकं, पुलावरची वळणं, सगळं यायचं. पाली-बीड गाडीचे जुने वाहक त्यांना ओळखत. घंटी हातात धरून उभे राहायचे आणि विचारायचे, "झालं का बाई? सोडू का गाडी?" एकदा एक नवा वाहक घाई करायला लागला, तर मागच्या बाकावरचा एक फेटेवाला शेतकरी त्याच्यावर खेकसला, "थांब की बे! ब्रेकापातूर आल्यात त्या."

आणि ते मांजर. नाताळचं जेवण, पंगत मांडलेली, मटणाचं पातेलं मधोमध. आत्याबाईंनी डोळे मिटले, आम्हीही मिटले. कृपासन झालं, गव्हाणी झाली, मेंढपाळ झाले, आणि त्याच सुरात त्या म्हणाल्या, "आन् प्रभू, मांजर पातेल्याकडं चाललंय, त्याला हाकलायची कुणाला तरी बुद्धी दे." मी डोळे उघडले तर मांजर खरोखरच पातेल्याच्या काठावर. त्यांचे डोळे मात्र घट्ट मिटलेले. त्यांना ते कसं दिसलं हे आजवर मला कळलेलं नाही.

अशा बाईपासून काही लपवून ठेवणं कठीणच. आणि आमच्या घरात लपवण्यासारखी एक गोष्ट होती. ती गोष्ट म्हणजे मी.

मी शाळेत असताना मला पहिल्यांदा फिट आली. चर्चमध्ये नाताळच्या नाटकाची तालीम चालू होती. मी देवदूत होते, पुठ्ठ्याचे पंख लावलेले. "भिऊ नका" एवढं म्हटल्याचं आठवतं. पुढचं मला इतरांनी सांगितलं. मी पडले, कुणी चप्पल हुंगवायला आणली, कुणी कांदा शोधायला पळालं, कुणी माझे दात उचकटायला लागलं. आत्याबाईंनी सगळ्यांना बाजूला सारलं, मला कुशीवर वळवलं, डोक्याखाली आपला पदर घातला आणि माझ्या पाठीवर हात ठेवून बसून राहिल्या. त्या दिवशी त्या फक्त "प्रभू, लवकर ये" म्हणाल्या. सगळ्यांनी मला हेच सांगितलं की आत्याबाईंची एवढी छोटी प्रार्थना त्यांनी कधी ऐकली नव्हती.

औषध सुरू झालं, फिट येणं कमी झालं, पुढे थांबलंही. पण गोळी चालू राहिली, सकाळ-संध्याकाळ, न चुकता. आणि गोळीबरोबर आईची भीती चालू राहिली. घरात "फिट" हा शब्द कुणी उच्चारायचा नाही. "तिचं ते" म्हणायचं. गोळ्यांचं पाकीट स्वयंपाकघरात खसखशीच्या डब्यात, म्हणजे आल्यागेल्याच्या नजरेला पडायला नको. माझ्यासाठी आलेलं पहिलं स्थळ कुणीतरी "तिचं ते" सांगितल्यामुळे परत गेलं, तेव्हा आईनं मनाशी ठरवून टाकलं. पुढच्या स्थळाला काही सांगायचं नाही. लग्न झाल्यावर बघू.

"आन् तिकडं गोळी कशी घेऊ?" मी विचारलं.

"न्हाणीत जाऊन घ्यायची. कोण बघतंय?"

मी सांगून टाकू म्हणत होते, आई नको म्हणत होती, आणि वडील वर्तमानपत्राची घडी घालत होते. मी लग्नाची स्वप्नं बघत होते असं खोटं सांगणार नाही. मी दुसऱ्याच्या घरात गोळी कुठे लपवायची त्या जागा शोधत होते.

मग माजलगावचं स्थळ आलं. मुलगा साखर कारखान्यात कामाला, चर्चच्या मंडळीत गाणी बसवणारा, घर साधं. बोलणी करायला शनिवारी दुपारी येतो म्हणाले. आईनं सगळी तयारी केली, पण तिचा जीव एकाच गोष्टीत अडकला होता. बोलणी प्रार्थनेनं सुरू होणार. ती प्रार्थना कुणी करायची? तिनं आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांना आधीच गाठून ठेवलं. आत्याबाईंना वडिलांनी सांगितलं, "आक्का, आज पाळकसाहेब करत्याल प्रार्थना." आत्याबाई म्हणाल्या, "बरं."

झालं उलटंच. माजलगावकरांना जीप मिळाली, ते सकाळी लवकरच येऊन उभे राहिले. मुलाची मावशी थेट स्वयंपाकघरात गेली आणि पाटावर बसून आईशी गप्पा मारायला लागली, ती उठेना. खसखशीचा डबा तिच्या डोक्याच्या वर. मी एकदा पाणी घ्यायच्या निमित्तानं गेले, एकदा साखर घ्यायच्या. आईनं दोन्ही वेळा डोळ्यांनीच सांगितलं, नंतर. सकाळची गोळी तशीच राहिली. आणि पाळकसाहेब लिंबागणेशकडे एका घरी प्रार्थनेला गेले होते, त्यांचा फोन आला की रस्त्यात उसाची ट्रॉली आडवी झालीय, वाट बघू नका.

सगळे बैठकीत बसले. पोह्यांच्या बशा आल्या. मुलाची आई, जाड चष्म्याची, कडक दिसणारी बाई, वडिलांना म्हणाली, "चला, प्रार्थना करून घिऊ."

"पाळकसाहेब येत्यालच एवढ्यात," वडील म्हणाले.

"तवर पोहे थंड व्हत्याल. घरात आत्याबाई मोठ्या हायत की. त्यांनीच करावी."

आईच्या हातातला चमचा खाली पडला. आत्याबाईंनी पदर डोक्यावर घेतला आणि डोळे मिटले.

"हे स्वर्गीय पित्या, तुझ्या कृपासनापुढे आम्ही दीनपणे येतो. दुरून आलेल्या या तुझ्या लेकरांना तू सुखरूप आणलंस म्हणून तुझे उपकार मानतो." इथपर्यंत ठीक होतं. मग आवाज खाली आला, घरचा झाला. "प्रभू, हा पोरगा बरा वाटतोय. मगाशी दारात सगळ्यांच्या चपला यानं नीट लावून ठिवल्या. याची आई कडक हाय, पण डोळे निर्मळ हायत. आता ही आमची पोरगी. हिला ल्हानपणी फिट यायची, तुला ठावंच हाय."

मी डोळे आणखी घट्ट मिटले.

"आमेन!" वडील जोरात म्हणाले.

"प्रभू, माज्या भावाला घाई झालीय, त्याला धीर दे," आत्याबाई त्याच सुरात पुढे गेल्या. "गोळी चालू हाय. लई दिसांत फिट आली न्हाई, तुजे उपकार. पण आज सकाळची गोळी हिच्या पोटात गेली न्हाई. पाव्हणे लवकर आले. डबा सैपाकघरात हाय, तिथं पाव्हणीबाई बसल्या. पोरगी दोनदा जाऊन मागं फिरली. आजचा दिवस तू सांभाळ, पण रोजचं काय? दुसऱ्याच्या घरी ही गोळी कुठं लपवंल? न्हाणीत? पेटीत? एक दिस चुकंल, आन् ही चुलीपुढं असंल. घरच्या माणसांना कळायचं बी न्हाई हिला काय झालं त्ये. लपवून दिलेली पोरगी एकटी पडती, प्रभू. हिला एकटी पाडू नको. हिच्या आईवर राग धरू नको, ती वाईट न्हाई, ती भ्याली हाय. ह्या पाव्हण्यांना जमत असंल तर हो म्हणू दे. जमत नसंल तर पोहे खाऊन सुकानं घरी जाऊ दे. रस्त्यात ट्रॉल्या हायत, तेवढं बघ. येशूच्या नावानं मागतो. आमेन."

खोलीत एकच "आमेन" उमटलं. पुरुषाचा आवाज, माझ्या ओळखीचा नसलेला. मी डोळे उघडले नाहीत. वाटलं, असेच मिटून ठेवावेत आणि सगळे उठून गेल्यावर उघडावेत.

"पोरी," मुलाच्या आईचा आवाज आला. "आदी जा आन् गोळी घिऊन ये."

मी उठले नाही. तिनं आपल्या बहिणीला पाणी आणायला पाठवलं आणि मला पुन्हा सांगितलं, "जा की. उशीर कावून करती?" मी आत गेले, खसखशीचा डबा उघडला, गोळी घेऊन बाहेर आले आणि भर बैठकीत, सगळ्यांसमोर, ती गिळली. कुणी तोंड फिरवलं नाही, कुणी कुजबुजलं नाही. मुलाच्या आईनं चष्मा काढून पदरानं पुसला.

"माज्या धाकट्या भावाला होतं हे," ती म्हणाली. "आमी त्याच्या सासरी सांगितलं न्हवतं. आईच म्हणली, नका सांगू. तिकडंच ऱ्हात व्हता. त्यांच्या पिकाला पाणी द्यायला कालव्यावर एकटाच गेलता, तो परत आला न्हाई. त्यांना ठावं असतं तर त्यांनी एकटा सोडला असता का?" मग ती आईकडे वळून म्हणाली, "ताई, तुमाला मी काय बोलू? माजी आई बी अशीच भ्यायली व्हती."

आई तोंडाला पदर लावून रडायला लागली. तेवढ्यात मुलगा बोलला, आणि "आमेन" कुणी म्हटलं होतं ते मला कळलं. "फिट आली तर घरच्यांनी काय करायचं असतं?" त्यानं विचारलं. तो माझ्याकडे बघून विचारत होता. उत्तर वडिलांनी दिलं. माझे वडील, जे इतकी वर्षं वर्तमानपत्राची घडी घालत आले, ते उठून उभे राहिले आणि कुशीवर कसं वळवायचं, तोंडात काही कसं घालायचं नाही, डॉक्टरांकडे कधी न्यायचं, ते सगळं सांगायला लागले. आमच्या बैठकीत "फिट" हा शब्द पहिल्यांदा मोठ्या आवाजात बोलला जात होता. ऐकता ऐकता माझे खांदे खाली आले. ते इतकी वर्षं वर चढवलेले होते हे मला तेव्हा कळलं. हे लोक आता हो म्हणोत की नाही, मला न्हाणीत जाऊन गोळी घ्यायची नव्हती. त्यांचा होकार पुढच्या आठवड्यात फोनवर आला, पण मी सुटले ते त्याच दुपारी.

पाळकसाहेब पोहोचले तेव्हा बशा उचलून झाल्या होत्या. "प्रार्थना राहिली असंल ना?" त्यांनी काळजीनं विचारलं.

"न्हाई," वडील म्हणाले. "झाली. भरपूर झाली."

पाहुणे गेल्यावर मी आत्याबाईंजवळ जाऊन बसले. त्या खिडकीशी तांदूळ निवडत होत्या, जणू रोजचीच दुपार. मी म्हटलं, "आत्याबाई, मुद्दाम सांगितलंत ना त्यांना?" त्यांनी एक खडा उचलून बाजूला टाकला. "मी देवाला सांगत व्हते," त्या म्हणाल्या. "तुमी कावून ऐकलं?" आणि पुढचा खडा शोधायला लागल्या. मी हसता हसता रडले आणि मग नुसतीच त्यांच्या गुडघ्याला टेकून बसले.

मला आता एकच धास्ती होती. आई मोरीवर कपबशा विसळत होती आणि तिचा आवाजही येत नव्हता. आई गप्प असली की नंतर मोठं भांडण होतं, हे आम्हाला पाठ होतं. नळ बंद झाला. ओले हात पदराला पुसत ती बाहेर आली, आमच्यासमोर उभी राहिली. मी उठायला लागले, तिनं हातानंच बस म्हटलं. मग ती आत्याबाईंच्या शेजारी जमिनीवर बसली. इतक्या वर्षांत ती त्यांच्या इतकी जवळ बसलेली मी पाहिली नव्हती.

"वन्सं," ती म्हणाली, "माज्यासाठी बी करा आता. जे असंल त्ये सगळं सांगा त्याला. मला न्हाई जमत."

आत्याबाईंनी ताट बाजूला सरकवलं, आईचा ओला हात आपल्या हातात घेतला, पदर डोक्यावर ओढून डोळे मिटले आणि बोलायला लागल्या. आईनं डोळे मिटले नाहीत. प्रार्थना चालू असताना ती माझ्याकडे बघत राहिली, आणि मी कधी पडेन याची वाट न बघता माझ्याकडे बघणारी माझी आई मला लहानपणानंतर पहिल्यांदा दिसली.